मॅमोग्राफी कोणत्या वयापासून करावी?

स्तनांच्या कर्करोगासाठी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांची क्ष-किरण तपासणी, कधीपासून करावी, यावर तज्ज्ञांमध्येही मतभेद आहेत. ब्रिटनमध्ये पन्नाशीपासून ७१ व्या वाढदिवसापर्यंत स्त्रियांना दर तीन वर्षांनी तपासणीस बोलावतात. अमेरिकेतील प्रतिबंधक आरोग्यसेवांविषयीच्या कृती दलाने २०१६ मध्ये ५० ते ७४ या वयात दर दोन वर्षांनी तपासणी सुचवून चाळिशीतला निर्णय ज्या-त्या स्त्रीवर सोपवला होता. २०२४ मध्ये मात्र त्याच दलाने सुरुवातीचे वय ४० वर आणले.

चाळिशीतल्या दशकावरच एवढा वाद का, हे समजून घेण्याजोगे आहे. वय वाढते तसा या रोगाचा धोका वाढतो, त्यामुळे पन्नाशीच्या आतील हजार स्त्रिया तपासल्या तर त्यांत कर्करोग कमी सापडतात आणि खोटे इशारे जास्त मिळतात. शिवाय या वयात स्तनांमधील ऊतक अनेकदा दाट असते. क्ष-किरण चित्रात चरबी काळसर दिसते, पण दाट ऊतक पांढरे दिसते आणि गाठही पांढरीच, म्हणून लहानशी गाठ सहज लपते. ब्रिटनमधील सुमारे १,६०,००० स्त्रियांच्या एका चाचणीत काही जणींची चाळिशीपासून दरवर्षी मॅमोग्राफी केली गेली. पहिल्या दहा वर्षांत त्यांच्यातील या रोगाचे मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने घटले; परंतु या वयात असे मृत्यू मुळातच थोडे असल्याने, हजाराहून अधिक स्त्रियांची तपासणी केल्यावर एक मृत्यू टळतो, असा त्याचा हिशेब निघाला.

दुसऱ्या बाजूला पुन्हा बोलावणे, जादा चित्रे, कधी बायोप्सी (ऊतकाचा तुकडा काढून केलेली तपासणी) आणि अहवाल येईपर्यंतची घालमेल असते. त्याहून अवघड प्रश्न अतिनिदानाचा आहे, कारण काही कर्करोग इतके संथ असतात की ते सापडले नसते तर त्या स्त्रीला जन्मभर त्रास झाला नसता. मायकेल मार्मट यांच्या अध्यक्षतेखालील ब्रिटिश समितीने २०१२ मध्ये अंदाज मांडला, की तेथील कार्यक्रमात टळलेल्या प्रत्येक मृत्यूमागे सुमारे तीन स्त्रियांचे असे अतिनिदान होते. या आकड्याने कोणी तपासणी टाळावी असे मला मुळीच वाटत नाही, मात्र तो आधी सांगितला जाणे हा प्रत्येकीचा हक्क आहे.

धोका जास्त असेल तर हे हिशेब बदलतात. बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ जनुकात दोष असलेल्या स्त्रियांची एमआरआय तपासणी पंचविशीतच सुरू करण्याचा सल्ला दिला जातो. तरुणपणी छातीवर किरणोपचार झालेल्यांनाही लवकर सुरुवात करावी लागते. जनुकातला दोष वडिलांकडूनही येतो, त्यामुळे आत्या आणि आजी यांचा इतिहास डॉक्टरांना अवश्य सांगावा. घराण्याची चौकशी आई-मावशीपाशीच थांबते, हे फार वेळा घडते.

वयाची ही सारी चर्चा कोणतेही लक्षण नसलेल्या स्त्रियांपुरती आहे. हाताला गाठ लागली, त्वचा आत ओढली गेली किंवा स्तनाग्रातून रक्त आले, तर वय कितीही असो, लगेच डॉक्टरांना दाखवावे.

तारीख ठरवताना, पाळी चालू असेल तर ती संपल्यानंतरचा आठवडा निवडावा, कारण तेव्हा स्तन कमी दुखरे असतात. त्या दिवशी पावडर किंवा डिओडरंट लावू नये; त्यातील कण चित्रात कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसू शकतात, आणि तसे ठिपके कधीकधी कर्करोगाची खूण असतात. आधीची चित्रे असतील तर ती सोबत न्यावीत, कारण नव्या चित्रातला एखादा ठिपका पूर्वीपासूनचा आहे की आत्ताच उमटला, हे रेडिओलॉजिस्टला त्यांवरूनच कळते.