पाँग खेळणाऱ्या पेशी आणि वेळ शिकणारी चकती

बशीत वाढवलेल्या चेतापेशी पाँग हा चेंडू अडवण्याचा व्हिडिओगेम खेळायला शिकल्या, ही मेलबर्नमधली २०२२ सालची बातमी बहुतेकांनी वाचलेली आहे. त्यामुळे मेंदूच्या ऊतीचा तुकडा दोन स्पंदांमधले, म्हणजे क्षणिक उत्तेजनांमधले, वेळेचे अंतर शिकतो असे कळले, की इथेही पेशींना चूक-बरोबर सांगितले जात असणार, असे लोक गृहीत धरतात. हे गृहीतक साफ चुकीचे आहे आणि विज्ञानविषयक लेखांतही ते सर्रास आढळते, याचा खेद वाटतो.

दोन प्रयोगांत वापरलेल्या ऊतीतला फरक त्या मानाने किरकोळ आहे. पाँगसाठी सुट्या पेशी इलेक्ट्रोडच्या जाळीवर वाढवल्या होत्या. वेळेच्या प्रयोगांसाठी लॉस एंजेलिसला मेंदूशास्त्रज्ञ डीन बुओनोमानो यांच्या प्रयोगशाळेत उंदराच्या कॉर्टेक्सची, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराची, पातळ चकती, मूळची थरांची रचना बरीचशी राखून, पोषक द्रवावर जगवतात.

घोळ होतो तो परिणामाच्या मुद्द्यावर. पाँगमध्ये चेंडू अडवला तर पेशींना ठरावीक स्पंद मिळत आणि सुटला तर अनियमित, म्हणजे पुढे काय मिळणार हे त्यांच्याच प्रतिसादावर ठरत असे. ही परतफेड काढून घेतल्यावर खेळात तशी सुधारणा दिसली नाही. चकतीच्या प्रयोगांत अशी परतफेड मुळातच नसते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात विजेचा आणि प्रकाशाचा स्पंद काही चकत्यांना १०० आणि काहींना ५०० मिलिसेकंदांच्या अंतराने वारंवार दिले गेले. चकतीने कसाही प्रतिसाद दिला, तरी दुसरा स्पंद ठरल्या वेळीच येई. सरावानंतर नुसता विजेचा स्पंद दिला, तेव्हा ५०० मिलिसेकंदांना सरावलेल्या चकत्यांतल्या पेशींची विद्युत हालचाल १००वाल्यांपेक्षा उशिरापर्यंत चालू राहिली. हा केवळ स्पंदाचा थेट प्रतिसाद म्हणता येत नाही, कारण तो काही मिलिसेकंदांतच उमटून जातो. नंतरची हालचाल पेशीकडून पेशीकडे जाणाऱ्या संदेशांतून उभी राहते, आणि सरावाने तिचाच कालावधी बदललेला असतो. वेळ मोजणारी वेगळी पेशी त्यासाठी लागत नाही.

दोन्हींपैकी मी चकतीच्या प्रयोगाला अधिक मोलाचे मानतो. बक्षिसाचा संकेत देणारे रसायन डोपामाइन पुरवणाऱ्या पेशी मध्यमेंदूत असतात आणि कॉर्टेक्सच्या कापलेल्या चकतीत त्या नसतातच. तरीही ती अंतर शिकते, म्हणजे ही क्षमता कॉर्टेक्सच्या स्थानिक जाळ्यातच आहे.