लेझर झालं, नळी निघाली. मग बरं व्हायला इतके आठवडे का?

प्रोस्टेटचं लेझर ऑपरेशन झालेला माणूस बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत घरी येतो. पोटावर टाका नसतो, पट्टी नसते, पुष्कळदा लघवीची नळीही काढलेली असते. भेटायला येणाऱ्यांना वाटतं, चला, सुटला एकदाचा. इकडे त्याला मात्र तासातासाला उठावं लागत असतं. लघवी करताना आग होते, घाई इतकी की कधी कधी दारापर्यंत पोचण्याआधीच थेंब सुटतात. घरातले हवालदिल होतात आणि ऑपरेशन फसलं की काय, ही शंका कोणीतरी बोलून दाखवतं. बहुतेकांच्या बाबतीत काहीही फसलेलं नसतं. लेझरने रुग्णालयातला मुक्काम खूप कमी केला, पण आतली जखम भरून यायला लागणारा काळ फारसा कमी झालेला नाही. ही गोष्ट पेशंटला आधी नीट सांगितली जात नाही, आणि त्यामुळे विनाकारण फार माणसं घाबरतात. हे असं का होतं ते समजून घ्यायचं तर या ऑपरेशनचा शंभर-सव्वाशे वर्षांचा प्रवास पाहावा लागतो.

प्रोस्टेट ही ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी असते आणि मूत्रमार्ग तिच्या मधून जातो. तरुणपणी तिचं वजन साधारण २० ग्रॅम. वय वाढतं तसा मूत्रमार्गाला लागून असलेला तिचा आतला भाग वाढू लागतो. शवविच्छेदनांच्या अभ्यासांत साठीच्या आसपासच्या सुमारे निम्म्या पुरुषांत ही वाढ आढळली आहे, आणि ऐंशीच्या पुढे दहांतल्या आठ-नऊ जणांत. ही वाढ कर्करोगाची नव्हे. त्रास सगळ्यांनाच होतो असंही नाही. ज्यांना होतो त्यांची धार बारीक होते, रात्री वारंवार उठावं लागतं, आणि काहींची लघवी एके दिवशी पूर्ण तुंबते.

एकोणिसाव्या शतकात अशा माणसापुढे एकच मार्ग होता: नळी घालून लघवी काढणं, तेही आयुष्यभर, आणि जंतुसंसर्ग होईल तोवर. १८९०च्या दशकात फिलाडेल्फियाचे सर्जन जे. विल्यम व्हाइट यांनी वृषणं काढून टाकण्याचा उपाय पुढे आणला. पुरुषी संप्रेरक थांबलं की ग्रंथी आक्रसते, हे त्यामागचं निरीक्षण खरं होतं. पण त्यासाठी माणसाला मोजावी लागणारी किंमत भयंकर होती.

खरी वाट उघडली ती ग्रंथीचा वाढलेला भागच काढण्याने. न्यूयॉर्कमध्ये युजीन फुलर यांनी १८९०च्या दशकात हे केलं होतं, पण जगभर नाव झालं ते पीटर फ्रेयर यांचं. मूळचे आयरिश असलेले फ्रेयर इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये अनेक वर्षं मूतखड्यांची ऑपरेशनं करून लंडनला परतले, आणि डिसेंबर १९००मध्ये तिथल्या सेंट पीटर्स हॉस्पिटलमध्ये त्यांनी या पद्धतीचं पहिलं ऑपरेशन केलं. ओटीपोट आणि मूत्राशय उघडायचं, आत बोट घालायचं आणि वाढलेला भाग बाहेरच्या आवरणापासून बोटानेच सोडवत न्यायचा. डोळ्यांना काही दिसत नसे, सगळं स्पर्शावर चालायचं. वाढलेला भाग आणि आवरण यांच्यामध्ये वेगळं होण्याची एक नैसर्गिक सीमा असते आणि बोट त्या सीमेवरून फिरायचं. ही सीमा लक्षात ठेवावी, कारण शतकाच्या शेवटी लेझर नेमका तिथेच परत आला.

त्या काळात बरं होणं म्हणजे कित्येक आठवड्यांचं अंथरूण. ओटीपोटातून बाहेर काढलेली जाड नळी, तिच्या कडेने झिरपणारी लघवी, रक्तस्राव, आणि प्रतिजैविकं अजून कित्येक दशकं दूर. १९४५मध्ये टेरेन्स मिलिन यांनी मूत्राशय न उघडता थेट ग्रंथीच्या आवरणातून आत शिरण्याची पद्धत दाखवली. त्यामुळे सर्जनला निदान रक्त कुठून येतंय ते दिसू लागलं.

दरम्यान दुसरी वाट तयार होत होती, शरीरावर कुठेही न कापता मूत्रमार्गातूनच जाण्याची. १९२६मध्ये मॅक्सिमिलियन स्टर्न यांनी विजेच्या तारेने ऊती कापणारं दुर्बिणीचं यंत्र मांडलं. पुढच्या काही वर्षांत थिओडोर डेव्हिस आणि जोसेफ मॅकार्थी यांनी ते वापरण्याजोगं केलं. ग्रंथीचे बारीक बारीक तुकडे तासून काढायचे आणि मधे मोकळी पोकळी तयार करायची, हेच ते 'दुर्बिणीचं ऑपरेशन', टीयूआरपी. हॅरल्ड हॉपकिन्स यांनी दुर्बिणीसाठी काचेच्या दांड्यांची नवी भिंगरचना केल्यानंतर आतलं चित्र स्वच्छ दिसू लागलं आणि ही पद्धत जगभर पक्की झाली.

आज प्रत्येक वॉर्डात दिसणारी फुग्याची नळी, फोली कॅथेटर, हिचा जन्मही याच ऑपरेशनशी जोडलेला आहे. फ्रेडरिक फोली यांना १९२०च्या दशकाच्या अखेरीस सुचलेला फुगा नळी आत टिकून राहावी एवढ्यासाठीच नव्हता. ऑपरेशननंतर रक्त थांबवण्यासाठी तो जखमेवर दाबून ठेवायचा, ही त्यातली मूळ कल्पना. आजही ऑपरेशन झाल्यावर नळी ताणून मांडीला चिकटवतात आणि 'ओढल्यासारखं होतंय' अशी पेशंटची तक्रार येते. तो ताण बहुधा मुद्दामच दिलेला असतो.

टीयूआरपीची एक मोठी अडचण पाण्याची होती. आतलं दिसावं म्हणून सतत द्रव सोडावा लागतो, पण साध्या सलाईनमधून वीज पसरते, त्यामुळे जुन्या यंत्रांना सलाईन चालत नसे. सुरुवातीला शुद्ध पाणी वापरलं. ते उघड्या पडलेल्या शिरांतून रक्तात शिरायचं आणि तांबड्या पेशी फुटायच्या. १९४७मध्ये मिनेसोटाच्या सी. डी. क्रीव्ही यांनी हा धोका दाखवून दिला. मग ग्लायसीनचं द्रावण आलं. त्याने पेशी वाचल्या, तरी द्रव रक्तात शोषला जाऊन सोडियम उतरणं, माणूस बरळू लागणं, प्रसंगी झटके येणं हे राहिलंच. त्यामुळे सर्जन घड्याळाकडे बघत, तासाभरात आटपायच्या बेताने काम करत, आणि फार मोठी ग्रंथी असेल तर पोट उघडण्याचाच सल्ला देत. १९८९मध्ये विन्स्टन मेबस्ट आणि सहकाऱ्यांनी ३,८८५ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. मृत्यूचं प्रमाण ०.२ टक्के, पण ऑपरेशननंतर लगेच काही ना काही गुंतागुंत झालेले १८ टक्के. काम चोख करणारी पण रक्तस्रावाची धास्ती असलेली पद्धत, असं तिचं तेव्हाचं रूप होतं. लेझरकडे लोक वळले ते यामुळे.

पहिला लेझर थिओडोर मेमन यांनी १९६०मध्ये चालवून दाखवला होता. प्रोस्टेटसाठी तो गांभीर्याने वापरला गेला १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला, आणि मला या इतिहासातला सर्वांत शिकवणारा भाग हाच वाटतो. एनडी-याग नावाचा लेझर एका बाजूला किरण सोडणाऱ्या तंतूतून ग्रंथीवर धरायचा. ऊती सर्जनच्या डोळ्यांसमोर पांढरीफटक व्हायची. रक्त जवळजवळ नाही, वेळ थोडा, सलाईन चालतं. सगळं स्वप्नवत. पण मेलेली ऊती जागच्या जागीच राहायची. आधी ती सुजायची, त्यामुळे लघवी आणखी तुंबायची आणि नळी कित्येक दिवस, काहींना कित्येक आठवडे ठेवावी लागायची. मग ती सडून लघवीतून तुकड्यातुकड्यांनी पडायची, आणि तोवर आग आणि घाई पाठ सोडत नसे. ऑपरेशन टेबलावरचं रक्त वाचलं आणि त्याचा सगळा भार बरं होण्याच्या काळावर पडला. काही वर्षांतच ही पद्धत मागे पडली.

चूक लेझरच्या कल्पनेत नव्हती, तरंगलांबीत होती. एनडी-यागचा १०६४ नॅनोमीटरचा किरण पाण्यात आणि रक्तात फारसा शोषला जात नाही, म्हणून तो कित्येक मिलिमीटर खोल जाऊन ऊती शिजवतो. होल्मियम लेझरचा २१०० नॅनोमीटरच्या आसपासचा किरण पाणी झटकन शोषून घेतं, त्यामुळे तो अर्ध्या मिलिमीटरच्याही आत थांबतो. जिथे धराल तिथेच कापतो आणि बारीक शिरा बंद करत जातो. न्यूझीलंडमधल्या टौरंगा या गावात पीटर गिलिंग आणि मार्क फ्रॉनडॉर्फर यांनी १९९०च्या दशकाच्या मध्यात या लेझरने आधी ग्रंथीचे तुकडे कापायला सुरुवात केली. ते काम वेळखाऊ होतं. मग त्यांनी वाढलेला अख्खा भागच आवरणापासून सोडवून मूत्राशयात ढकलायचा आणि तिथे चुरा करणाऱ्या यंत्राने बाहेर ओढून घ्यायचा, अशी पद्धत बसवली. संत्र्याची साल जागेवर ठेवून आतल्या फोडी तेवढ्या काढाव्यात, तसं. हीच होलेप. फ्रेयर यांचं बोट ज्या सीमेवरून फिरलं होतं तीच सीमा, फक्त आता उजेडात, दुर्बिणीतून आणि पोट न उघडता. ग्रंथी १०० ग्रॅमच्या वर गेली तरी ही पद्धत चालते, आणि काढलेली ऊती तपासणीलाही पाठवता येते.

त्याच सुमारास मेयो क्लिनिकमध्ये रेझा मालेक हिरव्या किरणाच्या मागे होते. ५३२ नॅनोमीटरचा हा किरण रक्तातलं हिमोग्लोबिन शोषतं, ऊतीची वाफ होऊन जाते. ताकद ८० वॉटवरून १२०वर आणि पुढे १८० वॉटवर गेली. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या गोलायथ चाचणीत हा लेझर टीयूआरपीपेक्षा कमी ठरला नाही, शिवाय नळी आणि रुग्णालयातला मुक्काम दोन्ही कमी लागले. रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांसाठी तो विशेष सोयीचा ठरला. मात्र वाफ झालेल्या ऊतीची तपासणी करता येत नाही. नंतर थुलियम आला. ब्रिटनमधल्या ४१० पुरुषांच्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०२०मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले, थुलियमच्या एका पद्धतीची टीयूआरपीशी तुलना झाली. तक्रारींतला आराम सारखाच, मुक्कामही सारखाच, धारेचा वेग टीयूआरपीत थोडा सरस. म्हणून 'लेझर करणार' एवढ्यावर समाधान मानू नये. कोणता लेझर आणि त्याने काय करणार, वाफ की अख्खा भाग सोडवणं, हे सर्जनला विचारावं. पुढचे आठवडे कसे जातील ते बरंचसं त्यावर ठरतं.

पद्धत कोणतीही असो, शेवटी आत एक उघडी पोकळी राहते. तिच्यावर नवं अस्तर चढायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. तोवर लघवी उघड्या जखमेवरून वाहते, म्हणून आग होते. दुसऱ्या आठवड्याच्या आसपास आणखी एक प्रकार घडतो. चार-पाच दिवस लघवी अगदी स्वच्छ असते, माणूस निर्धास्त होतो, आणि एका सकाळी अचानक लाल धार येते. आतली खपली सुटल्याची ती खूण असते. भरपूर पाणी पिऊन विश्रांती घेतली की बहुधा एक-दोन दिवसांत रंग निवळतो. वजन उचलू नका, शौचाला कुंथू नका, इतक्यात सायकल चालवू नका, हे सल्ले या खपलीसाठीच असतात. पण रक्ताच्या गुठळ्या पडू लागल्या, लघवी अडली किंवा थंडी वाजून ताप आला तर वाट न पाहता डॉक्टर गाठावा.

होलेपनंतर काहींना खोकताना, उठताना थेंब सुटतात. इतकी वर्षं ग्रंथीच वाट अडवून बसलेली असल्याने खालच्या झडपेच्या स्नायूवर एकट्याने भार पेलण्याची वेळच आलेली नसते. ऑपरेशनमध्ये तो थोडा ताणलाही जातो. बहुतेकांचा हा त्रास काही आठवड्यांत ते तीन महिन्यांत जातो. त्यासाठी सांगतात ते केगेल व्यायाम, म्हणजे लघवी रोखणारे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचे व्यायाम, अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल यांनी १९४८मध्ये मांडले होते, बाळंतपणानंतर लघवी सुटणाऱ्या स्त्रियांसाठी. पुरुषांनाही ते तितकेच लागू पडतात, आणि ऑपरेशनच्या आधीपासून सुरू केलेले बरे.

वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाणं हा बदल बहुतेकांत होतो आणि सहसा कायमचा राहतो. त्याने प्रकृतीला अपाय नाही, पण ज्याला मूल हवं आहे त्याला हे ऑपरेशनआधी स्पष्ट सांगितलंच पाहिजे. संकोचापोटी हा विषय टाळला जातो, ते मला चुकीचं वाटतं.

घाई आणि रात्रीचं उठणं सर्वांत शेवटी जातं, कारण तो प्रश्न ग्रंथीपेक्षा मूत्राशयाचा असतो. वर्षानुवर्षं अडथळ्याविरुद्ध जोर लावून त्याची भिंत जाड आणि चिडखोर झालेली असते. १९९०च्या दशकात प्रोस्टेटच्या त्रासावरच्या गोळ्या सर्रास मिळू लागल्यापासून पुष्कळ पुरुष ऑपरेशनला उशिरा येतात, वयही जास्त असतं आणि मूत्राशयही अधिक थकलेलं. म्हणून निकाल पाहायचा तो तिसऱ्या महिन्याला. अमेरिकन यूरॉलॉजिकल असोसिएशनने १९९२मध्ये केलेली सात प्रश्नांची गुणपत्रिका, शून्य ते ३५ गुणांची, आजही त्यासाठी वापरतात. ऑपरेशनआधी ती भरून ठेवली असेल तर नंतरच्या आकड्याला अर्थ येतो.

त्याच सुमारास पीएसएही, म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणाऱ्या एका प्रथिनाची तपासणी, करून घ्यावा. आतला भाग गेल्यामुळे तो खूप खाली येतो, होलेपनंतर तर विशेषच. हा नवा आकडा जपून ठेवायचा असतो, कारण ग्रंथीचा बाहेरचा भाग आत तसाच असतो आणि बहुतेक कर्करोग त्या भागातच होतात. पुढे पीएसए वाढला तर तुलना या आकड्याशी करायची.