ओढणारा पंप आणि ढकलणारा पंप: वीज बंद केली म्हणजे नेमके काय बंद झाले?

पेट्रोल भरताना ज्या यंत्रावर लिटर आणि रुपयांचे आकडे फिरतात, त्याला आपण सरसकट पंप म्हणतो. पण त्या यंत्राच्या पोटात पंप असतोच असे नाही. काही यंत्रांत मोटर आणि पंप खरोखरच आत बसवलेले असतात आणि ते जमिनीखालच्या टाकीतले इंधन वर ओढून घेतात. इतर ठिकाणी मोटर टाकीतच बुडवलेली असते, ती इंधन खालून ढकलते, आणि वरच्या यंत्रात मापक, झडप व आकडे दाखवणारी यंत्रणा एवढेच उरते. बाहेरून दोन्ही यंत्रे इतकी सारखी दिसतात की नवखा वायरमन सहज फसतो. ही फसगत जिवावर बेतू शकते, कारण ‘या पंपाची वीज बंद केली आहे’ या वाक्याचा अर्थ दोन्ही पद्धतींत एकच राहत नाही.

शेतकऱ्याला हा फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही. विहिरीच्या काठावरची मोनोब्लॉक मोटर पाणी ओढते, नळीच्या तळाची झडप, म्हणजे फूटव्हॉल्व्ह, गळू लागला की हवा धरते आणि पाणी फार खोल गेले की हात टेकते. बोअरमधली पाणबुडी मोटर मात्र पाण्यातच राहून पाणी वर ढकलते. पेट्रोलच्या बाबतीत ओढण्याची मर्यादा अधिक जाचक ठरते. ओढणारा पंप नळीतला दाब कमी करतो आणि इंधनाला वर चढवण्याचे काम बाहेरच्या हवेचा दाब करतो. पण पेट्रोलची वाफ चटकन होत असल्यामुळे नळीतला दाब फार उतरला की तिथेच वाफ साचते. विदर्भातल्या मे महिन्याच्या उन्हात ही अडचण वाढते. सुमारे ३५०० मीटर उंचीवरच्या लेहमध्ये तर हवेचा दाबच समुद्रकिनाऱ्याच्या जवळपास दोन तृतीयांश असतो. अशा वेळी मोटर फिरत राहते, वीज खर्च होते आणि नोझलमधून इंधन मात्र येत नाही.

ओढणाऱ्या पद्धतीत प्रत्येक यंत्राची मोटर साधारण एक अश्वशक्तीची, म्हणजे सुमारे ७५० वॉटची असते. नोझल उचलले की ती सुरू होते आणि परत ठेवले की थांबते. ढकलणाऱ्या पद्धतीत दीड-दोन अश्वशक्तीची एकच मोटर अनेक यंत्रांना पुरते. पहिले नोझल उचलताच ती सुरू होते आणि शेवटचे नोझल जागेवर जाईपर्यंत चालत राहते. एकूण जोडभार, म्हणजे जोडलेल्या सगळ्या मोटरींची मिळून शक्ती, त्यामुळे कमी होतो, पण ती एक मोटर बिघडली तर त्या टाकीवरची सगळी नोझल एकदम बंद पडतात. जनरेटर निवडतानाही हा फरक ध्यानात ठेवावा लागतो, कारण थेट सुरू होणारी मोटर पहिल्या क्षणी नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह खेचते. विखुरलेल्या लहान मोटरींचा हा धक्का वाटला जातो, मोठ्या मोटरीचा एकदमच बसतो. बुडालेल्या मोटरीला थंड ठेवण्याचे काम भोवतालचे इंधनच करते, म्हणून टाकी रिकामी होऊ लागल्यावर तिचा भार आणि प्रवाह उतरतो हे ओळखून तिला थांबवणारा नियंत्रक बसवणे, हा खर्च मला तरी टाळण्याजोगा वाटत नाही.

खरा धोका मात्र नियंत्रणाच्या एका बारीक तारेत आहे. ढकलणाऱ्या पद्धतीत नोझल उचलले की यंत्राकडून कार्यालयातल्या रिलेकडे, म्हणजे संकेत मिळताच मोटरीची वीज जोडणाऱ्या स्विचकडे, संकेत जातो आणि रिले टाकीतली मोटर सुरू करतो. अनेक ठिकाणी हा संकेत म्हणजे २३० व्होल्टचीच तार असते. चार यंत्रांच्या अशा तारा एकमेकींपासून विजेने अलग न ठेवता एकाच रिलेवर जोडल्या असतील, तर पहिल्या यंत्राचा एमसीबी, म्हणजे त्याची वीज तोडणारा स्विच, खाली केल्यावरही, शेजारच्या तिसऱ्या यंत्राचे नोझल कुणी उचलताच, त्याची वीज त्या तारेतून उलटी येऊन पहिल्या यंत्रात पोहोचते. यंत्रे वेगवेगळ्या फेजवर असतील, तर दोन फेज त्या जोडावर एकत्र येऊन शॉर्टसर्किट होऊ शकते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असताना ती पेट घेते. यंत्राच्या तळाशी साचलेल्या अशा वाफेला एवढी ठिणगी पुरते. ओढणाऱ्या पद्धतीत मोटर त्याच यंत्रात असल्यामुळे ही सामाईक तार नसते. तिथेही आकड्यांच्या यंत्रणेला यूपीएसची वेगळी वीज असू शकते, हे विसरून चालत नाही.

म्हणूनच अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेत देखभालीसाठी वेगळी तरतूद आहे: यंत्राकडे येणारी वीज, संदेशवहनाच्या तारा आणि अशी उलटी येणारी वीज, सगळे तोडणारे साधन हवे आणि ते बंद स्थितीत कुलूप लावता येईल असे हवे. आणीबाणीचे बटण ही याहून निराळी गोष्ट आहे. ते सगळ्या यंत्रांचा पुरवठा एकदम तोडते आणि तिथल्या नियमांप्रमाणे ते यंत्रांपासून ६ ते ३० मीटर अंतरावर असावे लागते, म्हणजे आग लागली तरी तिथवर पोहोचता येते.

वीज गेल्यावर दोन्ही पद्धतींत विद्युत झडप आपोआप मिटते. ढकलणाऱ्या पद्धतीच्या नळीत मात्र दाब शिल्लक राहू शकतो, त्यामुळे वीज तोडली म्हणजे नळी सुरक्षित झाली असे समजता येत नाही. वाहनाची धडक बसल्यावर विजेविना मिटणारी यांत्रिक झडप यंत्राच्या बुडाशी बसवतात ती याचसाठी. ओढणाऱ्या नळीला भोक पडले तर बहुधा हवा आत शिरते आणि इंधन टाकीकडे परतते. ढकलणाऱ्या नळीला पडले तर मोटर चालू असेपर्यंत इंधन मातीत जात राहते.

यंत्राचे झाकण उघडण्यापूर्वी कार्यालयातल्या विजेच्या फलकावरच, म्हणजे वाफेच्या क्षेत्राबाहेर, त्या यंत्राकडे जाणाऱ्या प्रत्येक तारेवर व्होल्ट मोजावेत; आणि ते मोजत असताना शेजारच्या यंत्रांचे नोझल सहकाऱ्याला उचलून धरायला सांगावे, कारण सगळी नोझल जागेवर असताना ही उलटी वीज मीटरवर दिसत नाही.