रुंद स्की कुठे तरंगते, कुठे अडते

जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वरांचा गड्डा भरतो, तेव्हा काश्मीरमध्ये ‘चिल्लई कलां’ चालू असते. २१ डिसेंबरपासूनचे हे चाळीस दिवस म्हणजे तिथल्या थंडीचा सगळ्यात कडक काळ. गुलमर्गचा मोसम याच दिवसांत रंगात येतो. सह्याद्रीत भटकणारी आपल्याकडची काही मंडळी आता तिकडे स्की शिकायला जातात आणि परत येताना एक प्रश्न घेऊन येतात. भाड्याच्या दुकानात एका भिंतीला अरुंद स्की उभ्या असतात, दुसऱ्या भिंतीला त्यांच्या दीडपट रुंद. ताज्या बर्फात रुंदच हवी असं जो तो सांगतो. मग पहिल्यापासून रुंदच का घेऊ नये?

याचं उत्तर स्कीकडे बघून मिळत नाही, तिच्याखालच्या बर्फाकडे बघून मिळतं. आणि डोंगरावरचा बर्फ सकाळी एक असतो, दुपारी दुसरा.

ताजा, कोरडा बर्फ पडतो तेव्हा त्याच्या एका घनमीटरचं वजन साधारण ५० ते १०० किलो भरतं. तेवढ्याच पाण्याचं वजन १००० किलो आणि घट्ट गोठलेल्या बर्फाचं ९१७ किलो. अशा ताज्या, कोरड्या बर्फाला पावडर म्हणतात. म्हणजे गुडघाभर साचलेल्या पावडरीत नव्वद टक्के किंवा त्याहूनही जास्त हवाच असते. स्फटिकांचे नाजूक काटे एकमेकांना जेमतेम टेकलेले असतात, आणि अशा ढिगावर उभं राहायचं तर वजन पसरून टाकण्याशिवाय इलाज नसतो. आपल्या काळ्या रानात पावसानंतर ऊस बाहेर काढताना लोखंडी धावेचं चाक आसापर्यंत रुततं आणि रुंद टायरची गाडी निघून जाते, तसंच हे आहे.

आकडे घालून बघू. सामानासकट ८० किलोचा माणूस धरा. स्कीचे दोन बूट मिळून सुमारे ४८० चौरस सेंटिमीटर जागा व्यापतात, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर १६७ ग्रॅम भार. एवढ्या भाराने पाय मांडीपर्यंत रुततो. त्याच माणसाने १७० सेंटिमीटर लांब आणि कमरेला, म्हणजे बुटाखालच्या सगळ्यात बारीक भागाला, ७२ मिलिमीटर रुंद असलेली स्की घातली, तर पुढचा-मागचा रुंद भाग धरून दोन्हींचं क्षेत्रफळ ३००० चौरस सेंटिमीटरच्या आसपास जातं आणि भार उतरतो २७ ग्रॅमवर. कमरेला ११५ मिलिमीटर आणि १८४ सेंटिमीटर लांब असलेली पावडर स्की घेतली तर क्षेत्रफळ ४६०० चौरस सेंटिमीटर आणि भार १७ ग्रॅम. हा हिशेब ढोबळ आहे, कारण स्की वाकते आणि भार सगळीकडे सारखा पडत नाही. पण अरुंदकडून रुंदकडे गेल्यावर भार एक तृतीयांशाने घटतो, हे त्यातून नीट कळतं.

हे झालं उभ्या माणसाचं गणित. वेगात असताना आणखी एक गोष्ट घडते आणि मला तीच या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर वाटते. स्की बर्फ दाबते तेव्हा त्यातल्या हवेला बाहेर निसटायचं असतं. पण बारीक छिद्रांतून वाट काढायला तिला वेळ लागतो, आणि तोवर स्की पुढे सरकलेलीही असते. क्षणभर कोंडलेली ही हवा स्कीला खालून उचलून धरते. जे. फेंग आणि शेल्डन वाइनबाम या संशोधकांनी २००० साली याचं गणित मांडलं. त्यांचा मूळ विषय रक्तपेशींचा होता. केशवाहिनीच्या आतल्या भिंतीवर मऊ, सच्छिद्र थर असतो आणि तांबड्या पेशी त्यावरून घासल्या न जाता सरकतात. तिथे थरात कोंडलेला द्रव आधार देतो, इथे बर्फातली हवा. एक पेशी आणि एक माणूस यांच्या वजनात अब्जावधी पटींहून मोठा फरक आहे, तरी दोघांचं समीकरण एकच निघालं.

यात रुंदीचा दुहेरी फायदा आहे. हवा निसटते ती मुख्यतः दोन्ही बाजूंनी. स्की दुप्पट रुंद केली की हवेला कडेपर्यंतचं अंतर दुप्पट होतं आणि बाहेर पडायला लागणारा वेळ साधारण चौपट. म्हणून पावडरीत हळू जाणारा बुडतो आणि थोडा वेग ठेवणारा वर राहतो. नवशिक्याला हे पटायला वेळ लागतो, कारण भीती वाटली की माणूस आधी वेगच कमी करतो.

रुंद स्की ही तशी अलीकडची गोष्ट. ऑस्ट्रियाच्या अ‍ॅटॉमिक कंपनीने १९८०च्या दशकाच्या शेवटी पहिल्या गुबगुबीत स्की काढल्या, तेव्हा तरबेज मंडळींनी त्यांना नाकं मुरडली होती. विचार खरा बदलला तो शेन मॅकॉन्की या अवलिया स्कीपटूमुळे. ताज्या बर्फाचं वागणं घट्ट उतारापेक्षा पाण्याच्या जवळचं आहे, हे त्याने ओळखलं आणि अलास्कात चक्क पाण्यावरच्या स्कींना बाइंडिंग, म्हणजे बूट पकडून ठेवणारा खटका, ठोकून तो डोंगर उतरला. त्याच्याच कल्पनेतून २००२ साली व्होलांट कंपनीची ‘स्पॅट्युला’ बाजारात आली. कमरेला १२५ मिलिमीटर, दोन्ही टोकं वर वळलेली, आणि कडांचा बाकही नेहमीच्या उलट, म्हणजे मध्ये रुंद आणि टोकांकडे निमुळता. आजच्या जवळजवळ प्रत्येक पावडर स्कीत तिचा काही ना काही अंश उतरला आहे. मॅकॉन्की २००९ मध्ये इटलीच्या डोलोमाइट्स पर्वतात स्की आणि पॅराशूटची कसरत करताना गेला.

आता दुसरी बाजू. घट्ट दाबलेल्या उतारावर स्की तळावर टेकत नाही, ती कडेच्या पोलादी पात्यावर उभी राहते. बुटाचा तळ जवळपास ७० मिलिमीटर रुंद असतो. ७२ मिलिमीटरच्या स्कीची कड बरोबर त्या तळाच्या काठाखाली येते. ११५ मिलिमीटरच्या स्कीची कड मात्र बुटाच्या काठापासून दोन सेंटिमीटरहून जास्त बाहेर जाते. बर्फाचा सगळा रेटा त्या बाहेरच्या बिंदूवर येतो आणि स्कीला पुन्हा सपाट पाडायला बघतो. ती कलती धरून ठेवायचं काम मग घोट्याला आणि गुडघ्याला करावं लागतं. स्लोव्हेनियातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये वेगवेगळ्या रुंदीच्या स्की घालून उतरणाऱ्यांची मोजमापं घेतली, तेव्हा रुंदीबरोबर वळणातली गुडघ्याची ठेवणही बदलते असं दिसलं. शरीर नकळत स्वतःला वाचवायला बघतं. मऊ बर्फात ही अडचण येत नाही, कारण तिथे संपूर्ण तळाला आधार मिळतो आणि रेट्याचा मध्यबिंदू पायाखालीच राहतो.

मुद्द्याचं उत्तर मला इथे सापडतं. जी रुंदी पावडरीत तुम्हाला उचलून धरते, तीच घट्ट उतारावर तुमच्या गुडघ्यावर तरफ लावते. शिकणाऱ्याचे पहिले दिवस घट्ट उतारावरच जातात. गुलमर्गच्या भारतीय स्की व पर्वतारोहण संस्थेत काय किंवा उत्तराखंडातल्या औलीला काय, आधी कडेवर उभं राहणं शिकवतात. एका कडेवरून दुसऱ्या कडेवर चटकन जाणं अरुंद स्कीवरच पायात बसतं. तेव्हा पहिल्या मोसमात ७० ते ८० मिलिमीटर. यात मला तडजोड मान्य नाही.

रुंदीइतकाच आकारही बघावा लागतो. जुन्या पद्धतीची स्की जमिनीवर ठेवली तर मध्ये कमानीसारखी उचललेली दिसते. ती कमान म्हणजे कॅम्बर. वजन पडलं की ती सपाट होते आणि कडेची पूर्ण लांबी बर्फात रोवते. उलट, टोक आणि शेपूट आधीपासूनच वर उचललेली असतील तर त्याला रॉकर म्हणतात. पावडरीत रॉकरवालं टोक खाली घुसत नाही आणि पायाने किंचित वळवलं तरी स्की फिरते. आजच्या बहुतेक रुंद स्कींत मध्ये थोडा कॅम्बर आणि पुढे-मागे रॉकर असतो. रॉकरमुळे घट्ट बर्फावर कडेचा काही भाग हवेतच राहतो, म्हणून अशी स्की थोडी लांब घ्यावी लागते, साधारण तुमच्या उंचीइतकी किंवा पाच-दहा सेंटिमीटर जास्त. तिच्या वळणाची त्रिज्याही मोठी असते, बहुधा २० मीटरच्या आसपास किंवा पुढे. छोट्या-छोट्या वळणांची सवय असलेल्याला ती सुरुवातीला आडमुठी वाटते.

पावडरीत उतरताना सगळ्यात आधी एक सवय मोडावी लागते. घट्ट उतारावर बाहेरच्या पायावर जवळजवळ सगळं वजन टाकायला शिकवलेलं असतं. पावडरीत तसं केलं की तो पाय बुडतो, दुसरा वर राहतो आणि माणूस आडवा होतो. इथे दोन्ही पायांवर जवळपास सारखं वजन हवं आणि दोन्ही स्की मिळून एकच फळी असल्यासारख्या चालवायच्या. वळण गोल आणि सावकाश. मागे रेलून बसू नका. अरुंद स्कीच्या काळात टोक बुडू नये म्हणून तसं करत, आता रॉकर ते काम करतो. मागे रेललात तर मांड्या तासाभरात भरून येतील आणि स्कीची पुढची बाजू ताब्यात राहणार नाही. स्की निघून पुरली गेली तर शोधाशोध पडलात त्या जागेच्या वरच्या बाजूला करायची. ती बहुधा तिथेच थांबलेली असते आणि तुम्ही घसरत खाली आलेले असता.

पण गुलमर्गलाही कोरी पावडर फार वेळ टिकत नाही. बर्फ येतो तो पश्चिमी विक्षोभांबरोबर, म्हणजे भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या वादळांबरोबर, आणि दोन वादळांमध्ये कधी लांबलचक कोरडा काळ जातो. २०२४च्या जानेवारीत गुलमर्गचे उतार जवळजवळ उघडेच होते. वादळ सरल्यावर आभाळ मोकळं झालं की गोंडोलाने, म्हणजे रोपवेने, लोक गुलमर्गच्या अफरवट डोंगरावरच्या वरच्या टप्प्यावर, समुद्रसपाटीपासून ३९०० मीटरहून उंच जातात आणि दुपारपर्यंत उतार नांगरल्यासारखा होतो. या चिरफाळलेल्या बर्फात रुंदीपेक्षा स्कीचं वजन आणि कडकपणा कामाला येतो. हलकी रुंद स्की प्रत्येक ढेकळावर उडते, थोडी जड स्की ते कापत जाते. हात पुढे ठेवायचे, गुडघे सैल ठेवायचे आणि स्कीला तिच्या रेषेत जाऊ द्यायचं.

वारा सुटला की चित्र आणखी बदलतं. वाऱ्याबरोबर लोळताना स्फटिकांचे काटे मोडतात, बारीक गोल कण उरतात आणि ते एकमेकांना चिकटतात. अशा बर्फाची घनता ३५० ते ४०० किलोपर्यंत जाते आणि वरून पावडरीसारखा दिसणारा उतार पायाखाली पाटासारखा लागतो. उन्हाने वितळून रात्री गोठलेली पापडी असेल तर गोष्ट सगळ्यात अवघड. रुंद स्की कधी तिच्यावर तरते, पण वळणाच्या ऐन मध्यात दाब वाढतो, पापडी फुटते आणि पाय आत अडकतो. अशा वेळी शौर्य दाखवू नये. आडवं सरकत जावं, थांबावं, जागेवर वळावं आणि पुन्हा आडवं. मार्चमध्ये हीच पापडी उन्हाने वरच्या एक-दोन सेंटिमीटरपुरती मऊ होते, तेव्हा त्या तासा-दोन तासांत कुठलीही स्की सुखाने चालते. त्यानंतर बर्फ जड, ओला होतो. तिथे रुंदी पुन्हा उपयोगी पडते, पण तेव्हा घरी परतणंच शहाणपणाचं, कारण ओल्या बर्फाचं स्खलन व्हायची ती वेळ असते.

म्हणून दोन-तीन मोसम झालेल्याने काश्मीरसाठी एकच स्की घ्यायची असेल तर मी कमरेला ९८ ते १०६ मिलिमीटरची सुचवेन. ११५च्या पुढची स्की भाड्याने, वादळानंतरच्या दिवसापुरती घ्यावी. बाइंडिंगचा ब्रेक स्कीच्या कमरेपेक्षा किंचित रुंद असायला हवा, नाहीतर तो खाली उघडतच नाही. पडल्यावर बूट किती जोराने सुटावा याचा आकडा वजन, उंची, वय, बुटाची लांबी आणि कौशल्य यांवरून जाणकाराकडूनच लावून घ्या. मित्राचा आकडा आपल्याला चालत नाही.

रुंद स्कीमुळे एक धोका वाढतो आणि तो स्पष्ट सांगितलाच पाहिजे. पूर्वी ज्या उतारावर जायला वर्षानुवर्षांचा सराव लागायचा, तिथे आता लवकर जाता येतं. हिमस्खलनाची समज मात्र तेवढ्या लवकर येत नाही. बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात, म्हणजे नेमके जे उतार पावडरीत हवेहवेसे वाटतात तेच. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटच्या उतारावर झालेल्या स्खलनात पोलंडचे दोन स्कीपटू गेले. चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण संशोधन संस्था हिमस्खलनाचे इशारे देते, ते रोज वाचा. स्थानिक वाटाड्या सोबत घ्या. प्रत्येकाकडे गाडल्या गेलेल्याचा संदेश पकडणारं शोधयंत्र, फावडं आणि बर्फात खुपसून शोधायची काठी असावी आणि ती वापरायचा सराव आधी झालेला असावा.

स्की विकत घेतलीच तर सोलापुरात ती दहा महिने ठेवायची कुठे, हा प्रश्नही खरा आहे. पत्र्याच्या खोलीत किंवा माळ्यावर नको. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२-४३ अंश असतात आणि पत्र्याखाली त्याहून जास्त. स्कीचे थर गोंदाने जोडलेले असतात, त्यांना ही उष्णता मानवत नाही. घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, भिंतीपासून थोडी दूर ठेवा. मोसम संपला की तळ पुसून पूर्ण कोरडा करा, मेणाचा जाड थर तळावर आणि पोलादी कडांवरही चढवा आणि खरवडू नका. पावसाळ्याची दमट हवा मग कडांना गंज धरू देत नाही. डिसेंबरात जाण्याआधी तो थर खरवडून त्या थंडीला चालणारं मेण लावलं की स्की तयार.