अ‍ॅप काढलं म्हणजे कर्ज फिटलं का?

‘कर्ज अ‍ॅपचं असतं, बँकेचं नाही, अ‍ॅप काढून टाकलं की फेडायला नको,’ हा मेसेज सांगलीत कितीतरी दिवस फिरतोय. समोर अ‍ॅपच दिसतं, म्हणून असं वाटणं साहजिक आहे. पण अ‍ॅप बहुधा मध्यस्थ असतं. पैसे बँकेचे किंवा नोंदणीकृत वित्त कंपनीचे. 2022 पासूनच्या डिजिटल कर्ज नियमांनुसार, मोजके अपवाद सोडले तर, रक्कम त्यांच्याच खात्यातून थेट तुमच्या खात्यात येते आणि हप्ताही थेट तिकडेच जातो.

पासबुक भरून आणा. मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांच्या पासबुकात जमेच्या ओळीत अ‍ॅपचं नव्हे, वित्त कंपनीचं नाव निघालं. करारासोबतच्या माहितीपत्रकात वार्षिक दर आणि तक्रार अधिकाऱ्याचा नंबरही असतो. थकबाकी क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जांच्या नोंदपत्रकात, दिसते. तो वर्षातून एकदा फुकट मिळतो.