लिंबाचा वास उडाला म्हणजे परफ्यूम नकली?

“पंधरा मिनिटांत लिंबू गायब, माल भेसळीचा आहे.” लिंबूवर्गीय आणि पांढऱ्या फुलांच्या महागड्या नीश (छोट्या, खास ब्रँडच्या) परफ्यूमबद्दल कोल्हापुरातल्या दुकानांत ही तक्रार हमखास ऐकू येते. खरं तर लिंबू दिवसभर तसंच टिकलं, तर ते सालीच्या तेलाचं नव्हे.

सगळा खेळ बाष्पदाबाचा, म्हणजे द्रव्य किती सहज वाफ होऊन उडतं त्याचा. लिंबू-संत्र्याच्या सालीतलं मुख्य द्रव्य लिमोनीन: रेणुभार १३६, उत्कलनबिंदू १७६ अंश सेल्सिअस. त्यात ऑक्सिजनचा एकही अणू नाही, त्यामुळे रेणू एकमेकांना घट्ट धरत नाहीत आणि अंगाच्या उबेनेच उडून जातात. जाई-मोगऱ्यातलं बेंझिल अ‍ॅसिटेट सुमारे २१३ अंशांना उकळतं, इंडोल २५४ अंशांना. हेडिओन हे जाईच्या जातीचं कृत्रिम द्रव्य २२६ रेणुभाराचं, म्हणून तासन्‌तास रेंगाळतं.

इंडोल नीट हुंगायला शिकावं. जाईच्या अ‍ॅब्सोल्यूटमध्ये (फुलांपासून काढलेल्या दाट अर्कात) ते दोन-तीन टक्के असतं. दाट असलं की डांबरगोळीसारखं, अगदी नकोसं. विरळ झालं की फूल जिवंत वाटतं. अंबाबाईच्या देवळाजवळ घेतलेला मोगऱ्याचा गजरा रात्री उशिरा हुंगा, गोडीखाली तोच जडपणा सापडेल. इंडोल पार काढून टाकलेला मोगरा मला तरी साबणातलाच वाटतो.

तपासणी अगरबत्ती आणि फोडणीच्या वासापासून दूर करा. टिपकागदाच्या पट्टीवर १५ सेंटिमीटरवरून एक फवारा मारून अर्धा मिनिट अल्कोहोल उडू द्या. मग १ मिनिट, १५ मिनिटं, १ तास, ४ तास आणि दुसऱ्या सकाळी हुंगून लिहून ठेवा. दुसरा फवारा मनगटावर. मनगटं चोळल्याने रेणू तुटतात ही समजूत चुकीची, पण चोळू नयेच: उष्णतेने लिंबू आणखी लवकर उडतं आणि सुरुवातीची नोंद वाया जाते. एका वेळी तीनच परफ्यूम. नाक सरावलं की आहे तो वासही येईनासा होतो, तेव्हा पट्टी दुसऱ्याच्या हाती द्या.

राशीनुसार सुगंध निवडून देणं ही निव्वळ फसवणूक आहे. ‘फेरोमोन’च्या बाटल्याही तशाच, माणसात एकही फेरोमोन अजून सिद्ध झालेला नाही.

परफ्यूमचा रंग गडद झाला म्हणून घाबरू नका. संत्र्याच्या फुलातलं मिथाइल अँथ्रानिलेट सिट्रालसारख्या (लिंबाच्या वासाच्या) अल्डिहाइडशी जुळून शिफ बेस नावाचं पिवळं-नारिंगी संयुग तयार करतं. खरा बिघाड लिमोनीनचा: हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्याची हायड्रोपेरॉक्साइडं, म्हणजे त्वचेला झोंबणारी ऑक्सिजनयुक्त संयुगं, होतात. सुरुवातीचा वास टर्पेंटाइनकडे झुकतो आणि त्वचेला खाज सुटू शकते. बाटली घट्ट बंद करून अंधारात ठेवा, एप्रिलच्या उन्हात गाडीत तर नकोच. टर्पेंटाइनचा वास आलाच, तर ती अंगावर मारू नका.