महिना, उचल आणि नाईट : फिरत्या वादकाच्या कमाईची पार्श्वभूमी

गावोगाव फिरून वाजवणाऱ्या माणसाच्या कमाईला आपल्याकडे तीन शब्द आहेत. नाटक कंपनीत त्याला ‘महिना’ असायचा. तमाशाच्या फडात तो ‘उचल’ घेतो. आजच्या नाटकाच्या, ऑर्केस्ट्राच्या आणि लावणीच्या स्टेजवर त्याला ‘नाईट’ मिळते. तिन्ही शब्द पैशाचे असले तरी त्यांच्यामागचा प्रश्न एकच आहे : ज्या रात्री वाजवणं होत नाही, त्या रात्रीचा तोटा कोणी सोसायचा? ढोलकीवाला, पेटीवाला, तबलजी आज कशी चूल पेटवतात हे समजून घ्यायचं, तर या प्रश्नाचं उत्तर गेल्या पावणेदोनशे वर्षांत कसं बदलत गेलं तेच पाहायला हवं. गायक-नटांची चरित्रं आपल्याकडे पुष्कळ लिहिली गेली. त्यांच्या शेजारी बसून वाजवणाऱ्यांची फार थोडी, आणि मला ते लागतं.

आधी वादक फिरायचा तो दरबाराच्या ओढीने. उत्तर पेशवाईत राम जोशी, होनाजी बाळा, सगनभाऊ, प्रभाकर या शाहिरांच्या मागे डफ, तुणतुणं आणि ढोलकी होती. त्यांना बिदागी मिळायची, पण ती देणाऱ्याच्या मर्जीवर. 1818 ला पेशवाई बुडाली आणि हा आधार गेला. सांगलीतही थोड्या वेगळ्या रीतीने तेच घडलं. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये तिथे ‘सीता स्वयंवर’ केलं, ते तिथले संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. 1851 मध्ये चिंतामणराव वारले, आश्रय आटला आणि भाव्यांनी मंडळी घेऊन बाहेरची वाट धरली. 1853 मध्ये ते मुंबईत तिकीट लावून खेळ करत होते. सूत्रधाराच्या मागे झांज-मृदंग घेऊन उभी असलेली माणसं अशी पहिल्यांदा तिकिटाच्या पैशावर जेवू लागली. मराठी नाटकाच्या दौऱ्याचा आरंभ आपण कौतुकाने सांगतो, पण त्याच्या मुळाशी तुटलेला आश्रय आहे हे विसरता कामा नये.

पुढे रेल्वेने हा धंदा उभा केला. 1863 मध्ये बोरघाटातून गाडी धावू लागली आणि पडदे, पेट्या, वाद्यं घेऊन मुंबई-पुणे करणं शक्य झालं. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 मध्ये पुण्यात ‘शाकुंतल’ रंगवलं आणि नाटकाला गाणारे नट लागू लागले, म्हणजेच साथीलाही कसलेली माणसं लागू लागली. सारंगी, तबला, पेटी आणि पुढे पायाने भाता चालवायचा ऑर्गन आला. कंपन्या मुक्काम करत फिरायच्या. वऱ्हाडात कापसाचा पैसा खेळू लागला की अमरावती-अकोल्याकडे, एरवी सोलापूर, बेळगाव, हुबळी, बडोदा, इंदूर. एका गावी काही आठवडे बिऱ्हाड पडायचं.

या बिऱ्हाडात ‘महिना’ या शब्दाचं खरं वजन होतं. कंपनीचा आचारी, कंपनीची पंगत, राहायला कंपनीची जागा आणि वर ठरलेला पगार. पावसाने थिएटर रिकामं राहिलं, मुख्य नटाचा घसा बसला, गावात रोगाची साथ आली, तरी तबलजीचा महिना मालकाच्या डोक्यावर. घर सुटायचं, बायको-मुलं मागे राहायची, हे दुःख होतंच. पण उद्याच्या जेवणाची काळजी रोज उठून करावी लागत नव्हती आणि म्हणूनच रियाज होत होता.

गंधर्व नाटक मंडळी याचं सर्वांत मोठं उदाहरण. 1913 मध्ये ती निघाली तेव्हा बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासोबत तिसरे भागीदार होते गोविंदराव टेंबे. पेटी वाजवणारा माणूस कंपनीचा मालक झाला, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. टेंबे दोनेक वर्षांत बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची शिवराज कंपनी काढली. मालकी हाती आली की तोटाही हाती येतो, हे त्यांना तिथे कळलं असणार, कारण ती कंपनी फार टिकली नाही. इकडे बालगंधर्वांनी साथीसाठी तबल्यावर अहमदजान थिरकवाँ आणि सारंगीवर कादरबक्ष यांना आणलं. मुरादाबादकडचा, मुनीर खाँसाहेबांचा शागीर्द असलेला हा तबलजी मराठी नाटकाच्या बिऱ्हाडात वर्षानुवर्षं राहिला आणि रोजच्या खेळात भजनी ठेक्यापासून ठुमरीच्या लग्गीपर्यंत सगळं वाजवत राहिला. लालजी गोखल्यांसारखे मराठी तबलजी त्यांच्या हाताखाली तयार झाले. थिरकवाँ पुढे रामपूर दरबारी आणि मग लखनौच्या भातखंडे संगीत महाविद्यालयात गेले, 1970 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. पण महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत त्यांचा तबला पहिल्यांदा ऐकला गेला तो नाटकाच्या पदामागे, तिकीट काढून. एवढा मोठा वादक एका फिरत्या कंपनीत टिकतो, तो तिथे महिना मिळतो म्हणून, आणि कान असलेला मालक असतो म्हणून.

मालकाचा मात्र कणा मोडत होता. भरजरी कपडे, अत्तरं, नवे पडदे आणि एवढी मोठी पंगत यांत गंधर्व मंडळी विसाच्या दशकात कर्जात बुडाली. बालगंधर्व गाऊन गाऊन ते कर्ज फेडत राहिले. तशात 1931 मध्ये ‘आलम आरा’ आला, 1932 मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’. या बोलपटाला संगीत होतं गोविंदराव टेंब्यांचंच. चार-पाच वर्षांत थिएटरं सिनेमाकडे वळली आणि कंपन्यांचे मुक्काम बंद पडत गेले. ज्यांना जमलं ते वादक स्टुडिओत आणि रेडिओवर गेले. तिथे महिना होता, प्रवास नव्हता. ज्यांना नाही जमलं, ते गावी परतले, शिकवण्या करू लागले. त्यांतल्या बहुतेकांची नावं आज कोणाला सांगता येणार नाहीत.

तमाशात महिना नांदलाच नाही असं नाही, पण तिथलं खरं नाणं उचल. दसऱ्याला फड बाहेर पडतो आणि अक्षय्य तृतीयेच्या पुढेमागे, फार तर बुद्धपौर्णिमेपर्यंत, परततो. मधले सात-आठ महिने गाव बदलत राहायचं. उरलेले पावसाळ्याचे दिवस ढोलकी खुंटीला आणि वादक शेतमजुरीला, नाहीतर मिळेल त्या कामाला. या रिकाम्या दिवसांत आजारपण येतं, मुलीचं लग्न निघतं, शाळेची फी भरायची असते. अशा वेळी वादक फडमालकाकडून पुढच्या हंगामाच्या नावावर एकरकमी पैसे उचलतो आणि हंगामभर वाजवून ते फेडतो. फिटले नाहीत तर राहिलेली बाकी पुढच्या सालावर चढते. फड बदलायचा असेल तर नव्या मालकाने जुनी बाकी भरायची. मालकाकडे तरी पैसा कुठून येतो? तो सावकाराकडून व्याजाने आणतो. म्हणजे दसऱ्याला पहिली ढोलकी कडाडते, तेव्हा तिच्याखाली दोन कर्जं असतात, वादकाचं मालकाला आणि मालकाचं सावकाराला.

उचलीला गुलामी म्हणणारे लोक मला भेटले आहेत. त्यांचं म्हणणं खोटं नाही, पण पुरं नाही. बँक ज्याला दारात उभं करत नाही, त्या हलगीवाल्याला नुसत्या हाताच्या भरवशावर पैसे देणारी ही एकच व्यवस्था होती.

या सगळ्या व्यवहाराचा बाजार नारायणगावात भरतो. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या या गावी गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात. बाहेर फलक, आत गादी, कागद आणि फडाचा माणूस. यात्रा ठरलेल्या गावांचे पंच येतात, चार राहुट्या फिरतात, कलाकार किती, बायका किती, नवा वग, म्हणजे तमाशातलं नाट्य, कोणता, हे विचारतात आणि सुपारी ठरते. चैत्र पौर्णिमेच्या आसपास जत्रांची दाटी असते, तेव्हाच्या तारखेला चढा भाव. तीच तारीख हुकली की फड आठवडाभर हात चोळत बसतो. पंचांच्या प्रश्नांत ढोलकीवाला कोण हा प्रश्न पूर्वी असायचा, असं जुनी माणसं सांगतात. आता तो क्वचित येतो.

रात्री कनातीमागे उभं राहून पाहिलं की वादकाच्या कामाचा कस कळतो. आमच्या गावच्या जत्रेत मी ते लहानपणी पाहिलं, आणि ते डोळ्यांसमोरून जात नाही. पौष-माघातलं दव पडलं की कातडं सैल होतं, हलगी ‘बसते’. मग हलगीवाला पाल्यापाचोळ्याचा जाळ करतो, हलगी त्यावर धरून फिरवतो, मधूनच टिचकी मारून कानाशी नेतो, परत शेकतो. जाळ जास्त झाला तर चामडं फाटतं, कमी झाला तर आवाज दबका निघतो. तिकडे ढोलकीवाला गुडघ्याखाली ढोलकी दाबून दोरी ओढतो, शाईची पुडी पेटीच्या सुराला लावतो आणि धुमाकडच्या बाजूला हाताची टाच घासून घुमारा तपासतो. दिवसभर ट्रकमध्ये पालाच्या गुंडाळ्यांवर झोपून आलेली ही माणसं. सलामी सुरू झाली की ढोलकी-हलगीचे सवालजवाब असे रंगतात, की मागच्या रांगेतला म्हाताराही उठून उभा राहतो. तेवढी दहा-पंधरा मिनिटं वादकाची. मग गण, गवळण, बतावणी, रंगबाजी, वग, आणि तो पुन्हा मागे.

सुपारी घेतली की रात्र मोडता येत नाही. विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे : खेळ चालू असताना पडद्यामागे त्या बाळंत झाल्या आणि परत बोर्डावर उभ्या राहिल्या. आपण ती धाडसाची गोष्ट म्हणून सांगतो. मला तिच्यात सुपारीचा धाकही दिसतो. 1957 आणि 1990 मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या या बाईंचे शेवटचे दिवस हलाखीचेच गेले. 2002 मध्ये त्या वारल्या. त्यांच्याही आधी पठ्ठे बापूराव. कुलकर्णीपणावर पाणी सोडून फडात आलेले, पवळाबाईंसोबत मुंबई गाजवलेले हे शाहीर 1945 मध्ये विपन्नावस्थेत गेले. ज्यांच्या नावावर तंबू भरायचा त्यांची ही गत, तर मागे तुणतुणं धरणाऱ्याचं काय झालं असेल?

सरकारनेही या रात्रींवर दोनदा हात घातला. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणाने तमाशा बंद केला, मग दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि संहिता तपासून घ्यायच्या अटीवर तो पुन्हा सुरू झाला. दुसरा हात 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांचा. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. पहाटेपर्यंत चालणारा खेळ घड्याळात अडकला. गावाला झोप हवी, हे मला मान्य आहे. पण काटछाट झाली ती वगाची आणि सलामीची, सिनेमाची गाणी मात्र राहिली. त्या गाण्यांना कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड लागतो. एक कीबोर्डवाला आला की क्लॅरिनेट आणि पेटी दोन्ही घरी बसतात.

‘नाईट’ हा तिसरा शब्द शहरातून आला. साठच्या दशकात संगीत नाटकाला पुन्हा बहर आला, 1964 मध्ये ‘मत्स्यगंधा’, 1967 मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’, दोन्हींना अभिषेकीबुवांचं संगीत. पण बिऱ्हाडाची कंपनी परत आली नाही. नट नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी काम करायचे, नाटक बसमधून सांगली-कोल्हापूर गाठायचं आणि सोमवारी सकाळी मुंबईत. ऑर्गनवाला, तबलजी यांनाही प्रयोगागणिक पैसे, म्हणजेच नाईट. ऑर्केस्ट्राने हीच रीत उचलली. गणपतीचे दहा दिवस आणि नवरात्र एवढ्या दिवसांत वर्षाची निम्मी बेगमी करायची.

नाईटने वादकाला मोकळं केलं, हे खरं. तो आज नाटकात, उद्या लावणीच्या शोला, परवा लग्नाच्या संगीताला वाजवू शकतो. कोणाची बाकी डोक्यावर नाही. पण रद्द झालेली रात्र आता पूर्णपणे त्याची एकट्याची. शिवाय नाईट मोजतात ती तिसऱ्या घंटेपासून पडदा पडेपर्यंत. दुपारी घर सोडणं, घाटातला जाम, साउंड चेक, पहाटे दोनला मिळालेलं गार जेवण आणि सकाळी दारात उतरणं हे सगळं त्याच पाकिटात. ते पाकीटही महिनाभराने मिळेल, नाहीतर दहा फोन केल्यावर.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली ती ऐन यात्रांच्या तोंडावर. नारायणगावच्या राहुट्यांत ठरलेल्या सुपाऱ्या मोडल्या, नाट्यगृहं बंद झाली, गणपतीतले स्टेज लागले नाहीत, आणि पुढचं सालही बरंचसं तसंच गेलं. नाईटवाल्याकडे त्या दिवसांत येणंही नव्हतं आणि मालकाचं देणंही नव्हतं. कोणी भाजी विकली, कोणी डिलिव्हरीची कामं धरली, कोणी साउंड विकून हप्ते भरले. फडात उचलीची वही मात्र तशीच उघडी राहिली. वादकाने घेतलेले पैसे फिटायला हंगामच नव्हता आणि मालकाच्या डोक्यावर सावकाराचं व्याज चढत होतं. तरी अडल्या घरी थोडंफार धान्य आणि पैसे पोचवणारे मालकही होते, कारण हंगाम उघडला की तीच माणसं लागणार होती. पुन्हा जत्रा भरल्या तेव्हा काही फड निघालेच नाहीत. जे निघाले, त्यांच्या ढोलकीवाल्यांनी दसऱ्याला वाद्याची पूजा केली, नवी उचल घेतली, आणि वहीत ती जुन्या बाकीच्या खालच्या ओळीत मांडली गेली.